दुरुस्ती की नवी खरेदी? : घरगुती एसीच्या आयुर्मानाचा इतिहास

घरातील वातानुकूलन यंत्र, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एसी, दहा-बारा वर्षांचा झाला आणि ऐन एप्रिलमध्ये त्याने थंड हवा देणे थांबवले, की तो दुरुस्त करून घ्यावा की नवा आणावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपापल्या ऐपतीप्रमाणे सोडवते. वरवर पाहता हा निव्वळ घरखर्चाचा प्रश्न आहे. मेकॅनिकने सांगितलेला आकडा आणि दुकानदाराने सांगितलेला आकडा शेजारी मांडले की उत्तर मिळाले, असे मानले जाते. प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे नेहमी घराबाहेरच ठरत आले आहेत. यंत्रावरचा कर, आयातीचे धोरण, कारागिराची मजुरी, विजेचा दर आणि यंत्रात भरलेल्या वायूविषयीचे आंतरराष्ट्रीय करार यांनी ते घडवले आहेत. भारतात, आणि विशेषतः हा उद्योग जिथे रुजला त्या मुंबईत, गेल्या ऐंशी वर्षांत या प्रश्नाचे रूढ उत्तर दोनदा पालटले: आधी दुरुस्ती हा एकमेव मार्ग होता, नंतर नवे यंत्र घेणे ही रीत झाली, आणि आता या दोन्ही उत्तरांना जुन्या यंत्रातील वायूचा हिशेब जोडावा लागतो. हा पालट कसा घडला, हे पाहिल्याशिवाय आजचा निर्णय नीट घेता येत नाही.

यंत्र येण्यापूर्वी गारव्याची जी साधने होती, त्यांच्याबाबत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण ती मुळातच एका हंगामापुरती असत. ताटी, म्हणजे बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे बांधून केलेला पडदा, उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना लावून तिच्यावर पाणी शिंपडत. वाऱ्याने पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडे आणि आत येणारी हवा गार होई. पावसाळा लागला की ताटी उतरवली जाई आणि पुढच्या वर्षी नवी बांधली जाई. याच तत्त्वावर चालणारा कूलर पुढे नागपूर, अमरावती, अकोला या भागांत घरोघरी पोहोचला, आणि दर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या ताट्या बदलणे, पंप साफ करणे व टाकीचा गंज खरवडून रंग देणे हा तिथल्या घरांचा वार्षिक नेम झाला. विदर्भातल्या कोरड्या हवेत हे साधन उत्तम चालते. कोकणपट्टीच्या दमट हवेत मात्र पाण्याची वाफ होण्यास वावच कमी असल्याने ते जवळपास निरुपयोगी ठरते. मुंबईला म्हणूनच गारवा बाहेरून आणावा लागला. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकी व्यापाऱ्याने बोस्टनच्या परिसरातील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला पोहोचवला, आणि १८३४ पासून तो मुंबईतही येऊ लागला. या बर्फाची एक खूण आजच्या एसीवर कायम आहे: एका दिवसात एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी उष्णता एका दिवसात बाहेर टाकणाऱ्या यंत्राला एक टनाचे यंत्र म्हणतात. दीड टनाचा एसी याचा अर्थ त्याचे वजन दीड टन असा नसून, तो ताशी सुमारे १८,००० बीटीयू किंवा ५.२७ किलोवॅट दराने खोलीतील उष्णता बाहेर काढतो, असा आहे.

वातानुकूलन यंत्राचा आधुनिक इतिहास माणसाच्या सुखासाठी नव्हे तर कागदाच्या सोयीसाठी सुरू झाला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतील दमटपणामुळे कागद फुगे व आक्रसे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने १९०२ मध्ये हवेचे तापमान आणि आर्द्रता दोन्ही आवाक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. शीतकारक नावाचा पदार्थ, ज्याला व्यवहारात नुसता ‘गॅस’ म्हणतात, बंद नळ्यांच्या वर्तुळात फिरत राहतो. खोलीच्या बाजूच्या कॉइलमध्ये द्रवाचा वायू होताना तो उष्णता शोषतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो, आणि बाहेरच्या बाजूच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता वाऱ्यावर सोडून तो पुन्हा द्रवरूप होतो. हे वर्तुळ बंद असल्याने गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो संपत नसतो, फक्त गळतो. ‘गॅस संपला, भरून घ्या’ या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वाक्यामागे जवळजवळ नेहमी न शोधलेली गळती असते, आणि दुरुस्तीच्या अर्थकारणातील निम्मा घोळ या एका गैरसमजातून निर्माण झालेला आहे.

सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू वापरले जात, त्यामुळे गळती म्हणजे जिवाशी गाठ होती आणि ती तत्काळ शोधणे भाग पडे. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरिन व फ्लोरिन असलेली कार्बनी संयुगे शीतकारक म्हणून पुढे आणली. ती बिनविषारी होती, पेट घेत नव्हती आणि त्यांना जवळपास वासही नव्हता. याच कुळातील आर-२२ हा वायू पुढे कित्येक दशके खिडकीतल्या एसीचा प्राण बनला. या शोधाने यंत्र घरात आणले, परंतु दुरुस्तीच्या धंद्याला एक वाईट सवयही लावली: गॅस निरुपद्रवी आहे असे मानले गेल्याने तो हवेत सोडून देणे, यंत्र मोकळे करणे आणि काम झाल्यावर नवा भरणे ही सरसकट पद्धत पडली. त्याच काळात कॉम्प्रेसरची रचनाही बदलली. पूर्वीचा कॉम्प्रेसर उघडा असे, म्हणजे मोटर बाहेर आणि पट्ट्याने जोडलेली. त्या कॉम्प्रेसरच्या झडपा, सील, बेअरिंग हे भाग सुटे करून बदलता येत. नव्या ‘हर्मेटिक’ कॉम्प्रेसरमध्ये मोटर आणि दाबयंत्र दोन्ही एका पोलादी कवचात वेल्डिंगने कायमची बंद केलेली असतात. त्यामुळे गळतीची जागा कमी झाली आणि यंत्र लहान झाले, पण कवचाच्या आत बिघाड झाला तर सबंध कॉम्प्रेसर बदलायचा, हे कारखानदाराने गृहीतच धरले. भारतीय कारागिरांनी हे गृहीतक पुढे कसे मोडीत काढले, हा या इतिहासातला सर्वांत रोचक भाग आहे.

मुंबईकरांना वातानुकूलित हवेची पहिली ओळख घरात नव्हे तर चित्रपटगृहात झाली. कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये, तर मेट्रो आणि इरॉस १९३८ मध्ये सुरू झाले, आणि दोन-तीन तास थंडगार बसायला मिळणे हेही तिकिटाच्या मोलात मोजले जाऊ लागले. काही बँका, मोठी हॉटेले आणि श्रीमंतांची घरे यांत परदेशी यंत्रे आली. परंतु दुसऱ्या महायुद्धाने जहाजवाहतूक विस्कळीत केली आणि नवी यंत्रे व सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले. नेमक्या याच काळात, १९४३ मध्ये, मोहन अडवाणी यांनी मुंबईत दोन-तीन माणसांच्या बळावर ब्लू स्टार हा व्यवसाय सुरू केला, आणि त्याचे पहिले काम होते जुन्या एसी व रेफ्रिजरेटरचे नूतनीकरण करणे, म्हणजे वापरून जीर्ण झालेली यंत्रे उघडून, घासून-पुसून, भाग बदलून पुन्हा चालती करणे. देशातील वातानुकूलन उद्योगातले एक प्रमुख नाव अशा रीतीने उत्पादनातून नव्हे, दुरुस्तीतून जन्माला आले, ही बाब पुढच्या अर्धशतकाची दिशा सांगणारी आहे. १९५४ मध्ये टाटा समूह आणि स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास मुंबईतच स्थापन झाली, १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक उभी राहिली आणि त्याच वर्षी गोदरेजचा रेफ्रिजरेटर बाजारात आला. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात शीतयंत्रांचे कारखाने, त्यांचे वितरक आणि त्यांच्याभोवती वाढलेले मेकॅनिक असे एक जाळे तयार झाले.

तरीही १९५७ च्या सुमारास उद्भवलेल्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर आयातीवर कडक निर्बंध आले, देशी उत्पादन परवान्याने बांधले गेले, आणि एसी ही चैनीची वस्तू ठरवून तिच्यावर भारी उत्पादन शुल्क बसवले गेले. अशा व्यवस्थेत नव्या एसीची किंमत मध्यमवर्गीय नोकरदाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी असे, तर कुशल मेकॅनिकची मजुरी त्या मानाने नगण्य होती. यंत्र महाग आणि हात स्वस्त असले की वस्तू टिकवली जाते. त्या काळी भांड्यांना कल्हई होई, रेडिओचे व्हॉल्व्ह बदलले जात, आणि एसीही पंधरा-वीस वर्षे चालवला जाई. कार्यालयांत एएमसी, म्हणजे ठरावीक रकमेत वर्षभर देखभाल करून देण्याचा करार, रूढ झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून, म्हणजे आयटीआयमधून, रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग मेकॅनिक हा अभ्यासक्रम शिकलेली मुले या धंद्यात येऊ लागली. त्याहून कितीतरी अधिक मुले मात्र उस्तादाच्या हाताखाली पाना-पक्कड देता देता शिकली.

या कारागिरीची कमाल हर्मेटिक कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत दिसे. मोटरची गुंडाळी जळाली की परदेशात तो कॉम्प्रेसर थेट भंगारात जाई. भारतात मात्र त्याचे पोलादी कवच वेल्डिंगच्या सांध्यावर फिरवून कापले जाई, आतील मोटर बाहेर काढून जळकी तार उपटली जाई, खाचांमध्ये नवा इन्सुलेशनचा कागद घालून इनॅमलचे आवरण असलेली तांब्याची तार मोजून वेढे देत भरली जाई, वार्निश लावून ती भाजली जाई, आणि झडपा व पिस्टन साफ करून, नवे तेल ओतून कवच पुन्हा वेल्डिंगने बंद केले जाई. बंद केलेला कॉम्प्रेसर हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहणे ही शेवटची परीक्षा असे. एसीच्या नळ्यांचा सांधा शेगडीसारख्या ज्योतीने तापवून ब्रेझिंगच्या काडीने भरायचा, त्याच्यावर साबणाचा फेस लावून गळती शोधायची, नंतर गॅस भरताना परतीच्या नळीवर हात ठेवून तिला ‘घाम’ किती येतो ते पाहायचे आणि क्लॅम्प मीटरवर अँपिअर वाचत सिलिंडरची चावी बंद करायची, हे सारे कौशल्य पुस्तकापेक्षा हातात होते. त्याच्या मर्यादाही स्पष्ट होत्या: नळ्या पूर्ण निर्वात न करता गॅस भरला तर आत राहिलेला दमटपणा तेलाशी संयोग पावून आम्ल तयार करी आणि नवी गुंडाळी दोन-तीन उन्हाळ्यांत पुन्हा जळे. तरीही दुसरा पर्याय इतका महाग होता की तीच यंत्रे पुन्हा पुन्हा त्याच कारागिराकडे येत आणि पुन्हा पुन्हा चालू होत.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर या चित्राचा पाया हलला. उत्पादन शुल्क व आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरले, कोरियन व जपानी कंपन्या भारतात आल्या, १९९७ मध्ये एलजीने भारतात कारभार सुरू केला, आणि हप्त्यांवर खरेदीची सोय सर्वत्र झाली. कराडच्या परिसरात किर्लोस्कर-कोपलँडचे हर्मेटिक कॉम्प्रेसर तयार होऊ लागले, त्यामुळे जळका कॉम्प्रेसर कापण्याऐवजी नवा बसवणे सहज शक्य झाले आणि गुंडाळी भरणाऱ्याचे काम हळूहळू आटले. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून प्रचलित झालेला स्प्लिट एसी, म्हणजे कॉम्प्रेसर बाहेर आणि गार हवा देणारा भाग आत अशी दोन तुकड्यांत विभागलेली रचना, खिडकीच्या एसीची जागा घेऊ लागला. खिडकीचा एसी चौकटीतून उपसून गच्चीवर नेऊन धुता येत असे; स्प्लिटचा बाहेरचा भाग मात्र सहाव्या-सातव्या मजल्याच्या भिंतीवर लोखंडी कंसावर टांगलेला असल्याने त्याच्यापर्यंत पोहोचणे हेच जोखमीचे व खर्चिक काम झाले. काही उत्पादकांनी तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या कॉइल आणल्या. त्या स्वस्त पडल्या, पण ॲल्युमिनियमचा सांधा जोडणे तांब्याइतके सोपे नसल्याने गळती झाल्यास सबंध कॉइलच बदलण्याचा सल्ला मिळू लागला. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कंडेन्सरच्या पातळ पत्र्या झिजतात आणि नाल्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने तांब्याच्या नळ्यांना सूक्ष्म छिद्रे पडतात, हा अनुभव मुंबईतल्या अनेक वस्त्यांना आहे. नव्या यंत्राची किंमत उतरत गेली, मजुरी वाढत गेली, आणि दुकानदाराच्या एक्सचेंज योजनेत जुन्या एसीला ठरावीक रक्कम मिळू लागली. कुर्ल्यासारख्या भंगार बाजारांत त्याच्या तांब्याचे, ॲल्युमिनियमचे आणि कॉम्प्रेसरचे वेगळे भाव निघू लागले. २०१७ मध्ये एसीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला, आणि त्यामुळे नव्या यंत्राकडे झुकलेला तराजू आणखी झुकला.

दुसरा बदल विजेच्या बाजूने आला. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २००६ मध्ये तारांकन योजना सुरू केली आणि २०१० पासून घरगुती एसीसाठी ती सक्तीची झाली. आरंभी ईईआर हे माप वापरले जाई; ते म्हणजे एक वॅट वीज खर्चून यंत्र किती वॅट उष्णता बाहेर टाकते याचे गुणोत्तर, आणि २०१० मध्ये एका ताऱ्यासाठी २.३ व पाच ताऱ्यांसाठी ३.१ अशा मर्यादा होत्या. २०१८ पासून आयएसईईआर हे हंगामी माप सक्तीचे झाले. भारतातील वेगवेगळ्या तापमानांना वर्षभरातील किती तास येतात हे लक्षात घेऊन ते काढले जाते, आणि लेबलावरचा वार्षिक वापर १६०० तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. ताऱ्यांच्या मर्यादा वेळोवेळी वर सरकवल्या जातात, त्यामुळे २०१० चा पाच तारांकित एसी आजच्या मोजपट्टीवर तळालाही पोहोचत नाही. या सुधारणेमागे इन्व्हर्टर तंत्राचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानमध्ये घरगुती एसीत आलेल्या या तंत्रात कॉम्प्रेसर सतत चालू-बंद न होता गरजेप्रमाणे कमी-अधिक वेगाने फिरतो.

यामुळे दुरुस्तीच्या हिशेबात पूर्वी नसलेला एक घटक आला: जुने यंत्र चालू करून घेणे म्हणजे त्याची वीजखोरीही चालू ठेवणे. नमुन्यादाखल, दीड टनाचे जुने यंत्र २.५ या गुणोत्तराने चालत असेल तर पूर्ण भारावर ते सुमारे २.१ किलोवॅट वीज घेते, आणि तेवढेच काम ५ या गुणोत्तराचे यंत्र सुमारे १.०५ किलोवॅटमध्ये करते. वर्षाला पूर्ण भाराचे ५०० तास धरले तर बचत सुमारे ५२५ युनिटांची होते. युनिटमागे १० रुपये धरल्यास ती ५,२५० रुपये. हेच तास १,५०० असतील तर बचत तिप्पट होते आणि नव्या यंत्राची किंमत तीन-चार वर्षांत वसूल होऊ शकते. याउलट पाहुणे आले तरच सुरू होणाऱ्या खोलीतील एसी २०० तासही चालत नाही, आणि तेथे विजेच्या बचतीचा युक्तिवाद निव्वळ विक्रीचा युक्तिवाद ठरतो. म्हणून यंत्राचे वय हे एकटेच कधीही निर्णायक कारण होऊ शकत नाही. त्याचे वापराचे तास वयापेक्षा जास्त बोलतात.

तिसरा बदल वायूमुळे घडला, आणि तो सर्वांत दूरगामी आहे. मारिओ मोलिना व शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये क्लोरिनयुक्त शीतकारकांमुळे वातावरणातील ओझोनचा थर झिजतो असे दाखवून दिले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आधी सीएफसी वर्गातील वायू बंद झाले, मग आर-२२ ज्या एचसीएफसी वर्गात मोडतो त्याची पाळी आली: वापर २०१५ पर्यंत १० टक्के, २०२० पर्यंत ३५ टक्के आणि २०२५ पर्यंत ६७.५ टक्के घटवायचा आणि २०३० पासून जवळजवळ पूर्ण थांबवायचा, फक्त जुनी यंत्रे दुरुस्त करण्यापुरता अल्प साठा २०४० पर्यंत ठेवायचा, असे हे वेळापत्रक आहे. नव्या यंत्रांत आर-२२ भरणे २०२५ पासून बंद झाले. त्याची जागा आधी आर-४१०ए ने घेतली. त्याने ओझोनला धोका नाही, पण तो आर-२२ पेक्षा सुमारे ६० टक्के अधिक दाबावर चालतो आणि त्याला वेगळे तेल लागते, त्यामुळे जुन्या यंत्रात तो नुसता भरता येत नाही. नंतर तुलनेने कमी तापमानवाढ घडवणारा आर-३२ आला, आणि गोदरेजने २०१२ मध्ये सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन, वापरणारे एसी बनवायला सुरुवात केली. मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीने तापमानवाढ घडवणारे वायू कमी करण्याचे बंधन घातले आणि भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली.

इथे इतिहासाने एक वळण पूर्ण केले. आरंभीचे वायू धोकादायक होते म्हणून दुरुस्ती जपून होई. मधल्या काळात ते निरुपद्रवी समजले गेल्याने निष्काळजीपणा रुळला. आता आर-३२ हा सौम्य ज्वलनशील आणि आर-२९० पूर्ण ज्वलनशील असल्याने ब्रेझिंगची ज्योत पेटवण्याआधी नळ्या मोकळ्या करून नायट्रोजन फिरवणे, वायुवीजन राखणे आणि वजनकाट्यावर मोजून गॅस भरणे अनिवार्य झाले आहे. २०१९ च्या भारत शीतन कृती आराखड्याने २०२२-२३ पर्यंत एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले, ते याच कारणाने. त्याच आराखड्यात देशातील जेमतेम ८ टक्के घरांत एसी असल्याचा अंदाज होता, म्हणजे दुरुस्तीचा मोठा बाजार अजून पुढेच आहे. दुसरीकडे, इन्व्हर्टर एसीत पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पाटी, आल्याने वीज वर-खाली झाली की बिघाड कॉम्प्रेसरऐवजी पाटीत होतो, आणि ती पाटी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची लागते. ती मिळेनाशी झाली की बाकी सारे धडधाकट असलेले यंत्र मोडीत निघते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्यासाठी पोर्टलही सुरू केले, हे या नव्या कोंडीचेच लक्षण आहे. गृहोपयोगी वस्तूंचे सुटे भाग व दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, असा त्यामागचा हेतू आहे.

नवे यंत्र घेणे म्हणजे पर्यावरणाचे हित साधणे, हे समीकरणही तपासून पाहावे लागते. आर-२२ चा एक किलो वायू हवेत सुटला तर त्याचा तापमानवाढीवरील परिणाम शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा असतो, आणि दीड टनाच्या जुन्या यंत्रात साधारण किलोभर किंवा त्याहून अधिक गॅस असतो. वर मोजलेली वर्षाकाठची ५२५ युनिटांची बचत, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरल्यास, सुमारे ३६८ किलो होते. म्हणजे जुने यंत्र उतरवताना त्यातला गॅस सोडून दिला तर नव्या यंत्राची पाच वर्षांची बचत एका मिनिटात हवेत जाते. ई-कचऱ्याविषयीचे नियम २०१२ पासून लागू आहेत आणि २०२३ पासून नव्या स्वरूपात अमलात आले आहेत. त्यांनुसार उत्पादकांवर जुनी यंत्रे परत घेऊन त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. भंगाराच्या हातगाडीवर मात्र कॉइल कापताना फुस्स करून निघून जाणारा वायू कोणाच्याही वहीत लिहिला जात नाही.

या साऱ्या इतिहासातून घरगुती निर्णयासाठी एक निष्कर्ष काढता येतो. कॅपॅसिटर गेला, पंख्याची मोटर बसली, पाण्याची नळी तुंबली, गाळण्या व कॉइल धुळीने माखले, किंवा एखादा सांधा गळत असून तो शोधून नीट जोडता येत असेल, तर यंत्र कितीही जुने असले तरी दुरुस्तीच योग्य होय. असे बिघाड बहुतांशी शेकड्यांत किंवा फार तर थोड्या हजारांत मिटतात. यंत्र आर-२२ वर चालणारे असून त्याचा कॉम्प्रेसर जळाला, कॉइल ठिकठिकाणी गळू लागली किंवा एकाच उन्हाळ्यात दुसऱ्यांदा गॅस भरावा लागला, तर त्या दुरुस्तीत पैसा ओतणे म्हणजे दरवर्षी दुर्मिळ होत जाणाऱ्या वायूवर भविष्य टाकणे. तेथे नवे यंत्र घेणे शहाणपणाचे. तेव्हाही ताऱ्यांची संख्या नव्हे तर लेबलावरील आयएसईईआरचा आकडा आणि लेबलाचे वर्ष पाहावे, आपल्या खोलीचे वापराचे तास खरेपणाने मोजावेत, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे पावतीवर लिहून घ्यावे. दुरुस्ती असो वा बदल, मेकॅनिकने जुना गॅस सिलिंडरमध्ये परत ओढून घेतल्याखेरीज यंत्राची एकही नळी कापू देऊ नये.